सभासदांची यादी औषध कंपनीला द्यावी का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राम राम मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद 412, बहुतेक पऱ्हाटी-तुरीवाले. मी संचालक आहे. फवारणीचं औषध विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस मागच्या महिन्यात आला. सभासदांची नावं, मोबाईल नंबर अन् पेरा द्या, औषधावर सूट देतो म्हणाला. तिघे संचालक तयार आहेत, "यादीच तर आहे."

पण मला सभासद नोंदणीचे दिवस आठवतात. पोळ्याच्या तोंडावर घरोघरी फिरलो होतो. एका काकूनं पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत सातबारा, आधार, पासबुक, घड्या पडून फाटायला आलेलं. म्हणाली, "तू आहेस म्हणून देऊन राहिली, बाप्पा." ते तिनं शेअरसाठी दिलं होतं, औषधवाल्यासाठी नाही.

आता त्या झेरॉक्स ऑफिसात उघड्या रॅकवर आहेत. एक्सेल हिशेबनिसाच्या घरच्या लॅपटॉपवर, अन् संचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनदा फिरलेली. मंडळानं ठराव केला तर यादी देता येते का?

उत्तर 1 (वर्धा, कंपन्यांचं कायदेशीर काम पाहतो)

ठरावानं भागत नाही. माहिती सभासदाची, संमतीही त्याचीच हवी. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कामापुरतीच असते आणि ती परत घेता येते. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी नोटीस मराठीत वाचायला मिळणं हाही सभासदाचा हक्क आहे. कागदावरची माहिती एक्सेलमध्ये भरली की तीही कायद्यात आली. नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, मुख्य तरतुदी मे 2027पासून लागू होतील. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. आणि चूक हिशेबनिसाची असली तरी जबाबदारी कंपनीचीच.

उत्तर 2 (अकोला, उत्पादक कंपनीत व्यवस्थापक)

भाऊ, देऊ नका. आमची यादी अशीच फुटली. सोयाबीन विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका सभासदाला फोन आला. नाव, गाव, किती क्विंटल विकलं, सगळं बरोबर सांगितलं, म्हणून त्यानं ओटीपी दिला. 18,400 रुपये गेले. बियाण्यासाठी ठेवले होते. तो माझ्यासमोर बसून रडला, अन् माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आम्ही आधारचे शेवटचे चार आकडेच दिसतील अशी प्रत ठेवतो. यादी एकाच संगणकावर असते, कोणी कशासाठी उघडली ते वहीत लिहितो, ती वही दर बैठकीत मंडळासमोर येते. कोणाची योजना चांगली वाटली तर निरोप आम्हीच सभासदांना पाठवतो. ज्याला पाहिजे तो स्वतः फोन करतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. निरोप आपण पाठवायचा, हे तिघांनाही पटेल असं वाटते. रॅकला आज कुलूप लावलं, ग्रुपवरची एक्सेल काढायला लावली. सोमवारी बैठक आहे. वर्धेवाले दादा, संमतीपत्राचा नमुना टाकाल का? काकूला वाचून दाखवता येईल, असा साधा.