सॅक्रोइलियॅक सांधा की मणक्यातील गादी? तपासणीचा अर्थ लावण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट असून तालुक्याच्या गावी माझे क्लिनिक आहे. एका रुग्णाचे दुखणे सॅक्रोइलियॅक सांध्याचे (कण्याचा खालचा भाग आणि कटीचे हाड जोडणारा सांधा) की मणक्यांमधील गादीचे, याबाबत तपासणीतील निष्कर्ष परस्परविरोधी वाटत आहेत, म्हणून कंबरदुखीच्या रुग्णांवर नियमित काम करणाऱ्यांचे मत हवे आहे.

रुग्ण 31 वर्षांच्या असून दुसऱ्या बाळंतपणाला चार महिने झाले आहेत. नेमके कुठे दुखते असे विचारल्यावर त्यांनी उजवीकडे, कंबरेखालच्या खळीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला एकच बोट ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले तेव्हाही बोट तिथेच गेले. वेदना मांडीच्या मागून गुडघ्याच्या वरपर्यंत उतरते. कूस बदलताना, खुर्चीवरून उठताना आणि एका पायावर उभे राहून सलवार घालताना ती वाढते. सकाळचा ताठरपणा काही मिनिटांत जातो, रात्री दुखण्याने जाग येत नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही, पायातील ताकद व संवेदना व्यवस्थित आहेत.

या सांध्यावर ताण देऊन दुखणे उमटते का हे पाहणाऱ्या चाचण्यांपैकी थाय थ्रस्ट, सॅक्रल थ्रस्ट आणि कॉम्प्रेशन या तिन्हींत त्यांची नेहमीचीच वेदना उमटली. डिस्ट्रॅक्शनमध्ये काही झाले नाही आणि गेन्सलेनमध्ये फक्त ताण जाणवला, तो मी धरला नाही. सरळ पाय स्वतः उचलताना उजवा पाय जड वाटला, पण मी कटिभाग दोन्ही बाजूंनी हातांनी दाबून धरल्यावर तो सहज उचलला गेला. सांध्याची हालचाल बोटांनी चाचपून ठरवण्याच्या चाचण्या मी करत नाही, कारण मुळात ही हालचाल जेमतेम काही अंशांची असते आणि दोन तपासनीसांचे त्यावर क्वचितच एकमत होते.

तीन चाचण्या सकारात्मक म्हणजे सांध्याकडे बोट दाखवायला हरकत नव्हती. मात्र पालथे झोपवून हातांवर कंबर वारंवार मागे वाकवायला लावली, तेव्हा मांडीतील वेदना नाहीशी झाली आणि फक्त नितंबात उरली; वेदना अशी मध्याकडे सरकणे गादीकडे बोट दाखवते. पुढे बाळाला दूध पाजताना वाकून बराच वेळ बसल्यावर ती मांडीत परतली. लॅस्लेट व सहकाऱ्यांच्या 2003 च्या अभ्यासात, ज्यांची वेदना अशी मध्याकडे सरकते त्यांना वगळल्यावर या चाचण्यांची विशिष्टता (सांधा दुखरा नसताना चाचणी नकारात्मक येण्याचे प्रमाण) 78 वरून 87 टक्क्यांवर गेली होती. म्हणजे अशा रुग्णात त्यांवर विसंबणे धोक्याचेच. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी किंचित फुगलेली आहे, पण दुखणे नसलेल्यांतही हे इतके आढळते की त्यावर मी भर देत नाही. सांध्यात भूल देऊन खात्री करता येईल, पण स्तनपान करणाऱ्या या बाईंना इतक्यात तिकडे पाठवावेसे वाटत नाही.

वेदना मांडीतून नितंबापर्यंतच आली, मणक्याच्या मध्यापर्यंत नाही, तर तिला तुम्ही मध्याकडे सरकणे म्हणाल का? की गादी आणि सांधा दोन्ही गुंतले आहेत असे धराल? पहिला आठवडा फक्त मागे वाकण्याचा व्यायाम देऊन पुन्हा सगळ्या चाचण्या कराव्यात असा माझा विचार आहे, कारण कटिपट्टा आणि स्नायूंचे व्यायाम सोबतच सुरू केले तर कशाने फरक पडला हे कळणार नाही. हे थांबणे त्यांच्यावर अन्यायकारक वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगा.

आणखी एक. त्यांना कुणीतरी 'सांधा सरकलाय' असे सांगितले आहे, तेव्हापासून मोठ्या मुलीला उचलायला त्या घाबरतात. अशा वेळी तुम्ही रुग्णाला नेमक्या कोणत्या शब्दांत समजावता, तेही कृपया लिहावे.