वरून पाचवं सोडा, खालून पाचवं ऐका

रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' हा हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम लागायचा. त्याच्या जुन्या याद्यांतली फक्त पहिल्या पायदानावरची, म्हणजे क्रमांकावरची, गाणी लोकांच्या लक्षात राहतात असं म्हणतात, ते अगदी खरं आहे. आमच्या म्हापशाच्या घरी आजोबांची एक वही आहे. बुधवारी रात्री आठला सिलोन लावायचं आणि अमीन सयानी सांगतील तसं पेन्सिलीनं उतरवायचं. खालच्या ओळी आता पुसट झाल्यात. मी मुद्दाम त्याच वाचतो.

१९५३ च्या वार्षिक यादीत 'ये जिंदगी उसी की है' पहिलं आलं. त्याच 'अनारकली'तलं हेमंतकुमार-लताबाईंचं 'जाग दर्द-ए-इश्क जाग' एकदा शांतपणे ऐका. सी. रामचंद्रांनी बागेश्री काय उलगडलाय! मी ते रात्री दिवा मालवून सलग तीनदा ऐकलं.

आणि हो, ऐकताना वाद्यमेळाकडेही कान द्या. रामचंद्रांच्या 'अलबेला'त आमच्या गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझांची. यादीत गायक-संगीतकारांची नावं येत, यांची नाहीत. मला तेच फार लागतं. कुणाच्या घरी अशी वही असेल तर खालच्या पायदानांच्या पानांचे फोटो इथं जरूर टाका.