बाकडी काढू नका, वाढवा

इथे कुणीतरी लिहिलंय की तलावाकाठी, बागेत बाकडी ठेवली की टवाळ पोरं येऊन बसतात, त्यापेक्षा काढूनच टाका. मला हे अजिबात पटलं नाही. आमच्या आईचे गुडघे दुखतात, ठाण्यातल्या तलावपाळीला, म्हणजे तलावाकाठच्या रस्त्याने, एक फेरी मारायची म्हणजे मध्ये दोनदा तरी बसावंच लागतं तिला, बाकडं रिकामं नसलं की बिचारी रेलिंग धरून उभी राहते. आणि आमच्या एरियातलं गार्डन तर भर दुपारी कुलूपबंद, घरकामाच्या मावशी दोन कामांच्या मधल्या वेळात गेटबाहेर फुटपाथवर डबा उघडून बसतात आणि आत झाडांखाली एवढी गार सावली नुसती पडून! त्यांनी टेकायचं कुठे?

फेरीवाल्यांना हाकला म्हणणाऱ्यांनाही सांगते, फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्यांचे प्रश्न बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. फुटपाथवर चालायला जागा सोडून त्यांना नीट बसवा ना. कणीसवाली, भेळवाला असतात म्हणून तर मी रात्री नऊलाही तलावाकाठून एकटी बिनधास्त येते. बाकडी उलट वाढवा, आणि पाठ टेकता येईल अशी.