उणे २.५ च्या अलीकडेही हाडं मोडतात
"आई सत्तरीची, टी-स्कोअर उणे १.८, म्हणजे नुसता ऑस्टिओपेनिया, औषधाची गरजच नाही" असं इथे कुणीतरी लिहिलंय. (टी-स्कोअर म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा: उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस; उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ.) गरजच नाही? ऑकलंडचे हाडांचे संशोधक इयन रीड यांची २०१८ची चाचणी नेमकी अशाच बायकांवर होती: ६५ वर्षं व त्यापुढच्या, २००० जणी. दर १८ महिन्यांनी सलाइनमधून झोलेड्रोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध, सहा वर्षं. साध्या पडण्याने होणारी फ्रॅक्चर्स साधारण एक तृतीयांशाने घटली. (आधी किडनी आणि व्हिटॅमिन डी तपासतात, ते टाळू नका.)

आमच्या इंदूरला राजवाड्यामागच्या जुन्या घरांचे उभे जिने उतरणाऱ्या आत्या-मावश्या काही स्कोअर बघून पडत नाहीत! त्या आईंचं मनगट पूर्वी कधी मोडलं होतं का, तेवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर रीड यांचा फारसा भरवसा नाही.