मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ चे अवयव १२८क + १ असेच का?

गणितज्ञ फर्माला वाटत होतं की २^(२^न) + १ ही संख्या नेहमी मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७ इथपर्यंत ते खरंही आहे. पुढची २^३२ + १, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. ती ६४१ × ६७००४१७ आहे, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं.

६४१ ने भाग जातो हे दहावीतल्या लेकीला भागाकार न करताच पटवता आलं. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो). दोन्हीकडे चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवायचं. झालं, २^३२ ची बाकी −१! तिने ते तीनदा लिहून काढलं, इतकं आवडलं.

आता प्रश्न. ६७००४१७ मूळ आहे हे तिला हाताने तपासायचंय. वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या पाहाव्या लागतील. अवयव ६४क + १ अशा रूपाचेच असतात हे आम्हाला कळलंय (प हा २^३२ + १ चा मूळ अवयव धरला, तर प ने भागल्यावर २ च्या घातांची बाकी १ पहिल्यांदा ६४ व्या घाताला येते, आणि प − १ व्या घातालाही ती १ च असते, म्हणून ६४ ने प − १ ला भाग जातो). तरी अकरा संख्या उरतात. ल्युकाने १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ आणलं, मग पाचच उरतात. पण त्याची सिद्धता वर्गशेषांवरून (वर्गसंख्यांना प ने भागून कोणत्या बाक्या येतात त्यावरून) जाते, ते तिला अजून झेपणार नाही. शाळेच्या बीजगणितात बसेल अशी वाट आहे का?

प्रतिसाद १
ताई, आहे. अ = २^२४ − २^८ घ्या आणि वर्ग करा:

अ² = २^४८ − २^३३ + २^१६ = २^१६ (२^३२ + १) − २ × २^३२

प हा २^३२ + १ चा मूळ अवयव असेल तर पहिल्या पदाला प ने भाग जातो आणि २^३२ ची बाकी −१. म्हणून अ² ची बाकी २. म्हणजे अ^६४ ची बाकी २^३२ इतकीच, −१. आणि १ बाकी थेट १२८ व्या घाताला येते. पुढे तुमचाच ६४ वाला युक्तिवाद, फक्त २ ऐवजी अ. (a−b)² चं सूत्र तिला येतंच, तेवढं पुरे.

धागाकर्ती
किती सरळ आहे हे! मनापासून आभार. लेकीने लगेच भागाकार केले. ६७००४१७ ला २५७ ने भागून बाकी १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. मूळच आहे.