मदत हवी आहे: कूलरचा आतला पंखा दोन मिनिटांत थांबतो

दादरला घरी काचेच्या दाराचा छोटा बेव्हरेज कूलर आहे, कॉम्प्रेसरवाला, चार वर्षं जुना, वॉरंटी संपलेली. आठवड्यापासून आतला पंखा सुरू होतो, दोनेक मिनिटं फिरतो आणि बंद. कॉम्प्रेसर चालूच राहतो. मागची प्लेट बर्फाने गच्च, वरच्या कप्प्यातलं ताक मात्र कोमट!

आधी वाटलं, बर्फात पाती अडकत असतील. दिवसभर बंद ठेवून सगळा बर्फ वितळवला, पुसून काढला. फरक शून्य. दाराचं रबर कागद अडकवून तपासलं, घट्ट आहे. पंखा १२ व्होल्ट डीसी, तीन वायरींचा. बाहेर काढून अडॅप्टरवर लावला तर अर्धा तास मजेत फिरला. कूलरमध्ये थांबतो तेव्हा लाल-काळ्या वायरीवर मीटर शून्य दाखवतो, म्हणजे पंख्याचा सप्लाय कूलरचा कंट्रोल बोर्डच (आतलं सर्किट) तोडतोय.

मेकॅनिकने उघडून न बघताच 'बोर्ड बदला' सांगितलं. त्या पैशात अर्धा नवा कूलर येईल. माझा संशय तिसऱ्या, पिवळ्या वायरीवर आहे: पंखा फिरतोय हा सिग्नल बोर्डाला मिळत नसावा. साधा मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. लॅमिंग्टन रोडवरून नवा तीन वायरींचा पंखा आणण्याआधी, पिवळ्या वायरीवर सिग्नल येतोय की नाही हे मल्टिमीटरने कसं ओळखायचं?