पगार सरकारचा, घंटा इगर्जीची

म्हापसेकर

2011 च्या पावसाळ्यात मी भाषा आंदोलनाच्या मोर्च्यांना जात होतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फलक. दिगंबर कामत सरकारने नुकतंच इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं होतं. आमचं म्हणणं सरळ होतं: पोराला मराठी-कोकणीतून शिकवा, सरकार पैसे देईल. इंग्रजीतून हवं असेल तर खिशात हात घाला. आज मला ते पूर्ण पटत नाही. का ते लिहितो, मग फोडा माझं डोकं.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं मागचं. 1990 च्या सुमारास, शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना असा नियम आला. डायोसेसनच्या, म्हणजे चर्चच्या संस्थेच्या शाळा बहुतेक इंग्रजी होत्या. त्यांनी अनुदानासाठी कोकणी माध्यम घेतलं. वीस वर्षं तसंच चाललं. 2011 ला कामतांनी दार उघडलं. 2012 ला पर्रीकर आले. भाजप विरोधात असताना आंदोलनाच्या बाजूने होता, पण सत्तेत आल्यावर हे अनुदान थांबलं नाही. फक्त ते अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांपुरतं राहिलं. त्यावरून 2016 ला सुभाष वेलिंगकरांना संघाच्या गोवा विभागाच्या पदावरून जावं लागलं. त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला आणि 2017 च्या निवडणुकीत त्याची एकही जागा आली नाही.

आता माझ्या दारातलं. मी ज्या सरकारी मराठी शाळेत शिकलो तिच्या व्हरांड्यात आज मंडळाच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. तिच्यासमोरून रोज सकाळी सव्वासातला पिवळी बालरथ जाते, पाद्रींच्या शाळेची. बसही सरकारी योजनेतली. निम्म्या पोरांच्या कपाळाला गंध असतं आणि ड्रायव्हर मोठ्याने अभंग लावतो. एकदा मी त्या बसकडे बघत उभा होतो आणि डोक्यात आलं, आपण नक्की कोणाचं अनुदान बंद करा म्हणत होतो? आर्चबिशपांचं? त्यांना काय फरक पडणार आहे? त्या बसमध्ये कामतांची, नाईकांची, फर्नांडिसांची पोरं बसलीत. अनुदान मुलाला असतं, धर्माला नाही.

अनुदानातला मोठा हिस्सा शिक्षकाच्या पगाराचा. त्या बदल्यात सरकारने काय मागावं? शिक्षक पात्र असावा, हिशेब तपासायला खुला असावा, धर्म बघून कुणाला दारातून परत पाठवू नये, प्रार्थनेची सक्ती नको. एवढं मागायचा हक्क आहेच. पण पैशाच्या दोरीने बांधून 'अमुक भाषेत शिकवा' म्हणणारं सरकार उद्या 'अमुक प्रार्थना म्हणा' सांगेल तेव्हा आपण कुठल्या तोंडाने विरोध करणार? आज दोरी आपल्या माणसाच्या हातात आहे म्हणून बरी वाटते.

दगडीपाटी

असहमत. आणि जरा रागावूनच लिहितेय.

मी सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवते. यंदा चारही वर्ग मिळून अकरा मुलं. पहिलीत दोन. एका खोलीत चार वर्ग बसवते, एका फळ्याचे खडूने चार भाग करते. पहिलीच्या दोघांना मुळाक्षरं गिरवायला लावून चौथीचा भागाकार घ्यायचा, तेवढ्यात माध्यान्ह आहाराची गाडी येते, मग पावभाजी मोजून घ्यायची आणि वहीत नोंद करायची. तुमची पिवळी बस आमच्या गावातही येते हो. ती येते म्हणूनच अकरा उरलीत.

तुम्ही म्हणता अनुदान मुलाला असतं, धर्माला नाही. चांगलं वाक्य आहे. मग मला सांगा, आमच्या तालुक्यातली एखादी जुनी मराठी शिक्षण संस्था उद्या म्हणाली की आमच्याही प्राथमिक शाळेला इंग्रजी माध्यम हवं आणि अनुदानही हवं, तर मिळेल? नाही मिळणार. का? तिचे पदाधिकारी गावकर आणि देसाई आहेत म्हणून. तेच पदाधिकारी चर्चचे असते तर मिळालं असतं. म्हणजे 2012 च्या तडजोडीने मुलाकडे बघितलंच नाही, संस्थाचालकाच्या धर्माकडे बघितलं. ज्या गोष्टीची तुम्हाला उद्या भीती वाटते ती कधीच होऊन बसली आहे.

आणि दोरी वगैरे सोडा. शाळेवर कुणी सक्ती केली नव्हती. इंग्रजी शिकवायला बंदी नव्हती, पैसे मिळणार नव्हते एवढंच. घरचा पाहुणाही ताटात काय वाढलंय ते खातो.

म्हापसेकर

@दगडीपाटी, बाई, संस्थाचालकाचा धर्म बघितला गेला हा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य. पण पाहुण्याची उपमा चालणार नाही. कर त्या पोरांचे आईबापही भरतात. ते पाहुणे कसे?

मारिया_टीचर

मी बार्देशची, मराठी सरकारी शाळेत शिकले म्हणून इथे लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. मी अशाच एका अनुदानित शाळेत 1990 नंतरच्या काळात शिकवत होते, म्हणून म्हापसेकरांनी एका ओळीत उरकलेली वीस वर्षं मी जरा सांगते.

'कोकणी माध्यम घेतलं' म्हणजे काय झालं? पुस्तकं देवनागरीत आली. आमच्या मुलांच्या घरात कोकणी होती, पण रोमी, म्हणजे रोमन लिपीत. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक रोमीत, इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली गाणी रोमीत, तियात्राची, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाची जाहिरात रोमीत. मूल शाळेत 'क' गिरवून घरी जायचं आणि आईला ती वही वाचता यायची नाही. गृहपाठ कोण घेणार? आणि चौथी झाली की पाचवीला सगळं इंग्रजीत. मग पाचवीच्या शिक्षिका आमच्यावर चिडायच्या की मुलांना काहीच येत नाही. आम्ही तिसरी-चौथीलाच हळूच इंग्रजी शब्द लिहून द्यायला लागलो. तपासनीस यायच्या दिवशी फळा पुसायचा. लहान मुलांना सुद्धा ठाऊक होतं की आज टीचर वेगळी बोलणार. मातृभाषेच्या नावाने आम्ही त्यांना हे शिकवलं.

धर्माबद्दल लोकांच्या मनात बरंच काही असतं. आमच्याकडे दोतोर्न, म्हणजे धर्माची शिकवण, रविवारी इगर्जीत व्हायचं, शाळेत नाही. शाळेत सकाळची प्रार्थना होती, आणि हिंदू मुलं ती आमच्या मुलांपेक्षा मोठ्याने म्हणायची, हे खरं. कुणी घरून चिठ्ठी आणली असती तर आम्ही त्याला बाहेर उभं राहू दिलं असतं. कुणी आणली नाही. पण चिठ्ठी आणता येते हे पालकांना आम्ही सांगितलंही नव्हतं.

नास्तिक_नाना

शेवटचं वाक्य वाचलंत का सगळ्यांनी? सगळी गोम तिथे आहे.

संविधानाचं 28 वं कलम म्हणतं की पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. पण शाळा नुसती अनुदानित असेल तर पालकाच्या संमतीने चालतं. त्या 'पूर्णपणे' शब्दातून हत्ती जातो. पगार सरकार देतं, इमारत संस्थेची, म्हणजे 'पूर्णपणे' नाही. झालं. आणि संमती म्हणजे काय? सहा वर्षांचं पोर प्रार्थनेच्या वेळी एकटं बाहेर उभं राहणार?

माझं म्हणणं सोपं आहे. पाद्री, मौलवी, मठ, देवस्थान, कुणाच्याही शाळेला करदात्याचा एक रुपया नको. आमच्या महाराष्ट्रात 2024 च्या ऑक्टोबरात, निवडणूक दाराशी असताना, झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डीएड शिक्षकांचं मानधन 6 हजारांवरून 16 हजार झालं, बीएडवाल्यांचं 8 वरून 18. निर्णय घेणारं सरकार कुठल्या पक्षांचं होतं ते बघा आणि मला सांगा यात तत्त्व कुठे आहे. सरकार पैसे देतं ते मतांसाठी आणि काढून घेतं तेही मतांसाठी. म्हापसेकर म्हणतात दोरी नको. मी म्हणतो, गळाच पुढे करू नका.

मारिया_टीचर

नाना, तो पैसा मदरशात गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांना आहे ना? ते बंद केलंत तर धर्म तेवढा शिकवायचा राहील आणि गणित जाईल. असं व्हावं असं तुम्हाला वाटत नसणार.

कलम_तीस

वकिली करतो, म्हणून दोन जुनी प्रकरणं. दोन्ही मुंबई राज्याची आहेत आणि दोन्ही या धाग्यात कुणाला आठवली नाहीत याचं नवल वाटतं.

पहिलं आपल्या देवळालीचं. जानेवारी 1954 मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला: इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या मुलांखेरीज कुणाला प्रवेश द्यायचा नाही. हेतू आपल्या आंदोलनासारखाच, देशी भाषा वाढाव्यात. देवळालीची बार्न्स हायस्कूल ही अनुदान घेणारी शाळा. तिने एका ख्रिस्ती पालकाला आणि एका गुजराती हिंदू पालकाला या हुकुमामुळे प्रवेश नाकारला. गंमत बघा: संविधानाचं 337 वं कलम तेव्हा सांगत होतं की अँग्लो-इंडियन शाळेला अनुदान हवं असेल तर दरवर्षी किमान 40 टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवा. सरकार म्हणत होतं इतरांना घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात हुकूम रद्द केला. भाषेचा हेतू कितीही चांगला असला तरी अनुदानित शाळेचं दार नागरिकाला बंद करता येत नाही, असा त्याचा सारांश.

दुसरं 1963 चं, सिधराजभाई प्रकरण. गुजरातेतल्या ख्रिस्ती संस्थेच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाला मुंबई सरकारने सांगितलं होतं की 80 टक्के जागा आमच्या माणसांना द्या, नाहीतर अनुदान आणि मान्यता जाईल. न्यायालयाने सांगितलं की नियम संस्था चांगली चालावी म्हणून हवेत, तिचं अल्पसंख्याक स्वरूप मोडायला नकोत. म्हापसेकरांची दोरी म्हणतात ती हीच.

पण म्हापसेकरांनी लगेच खूश होऊ नये. 2021 ला उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अनुदान मागणं हा मूलभूत हक्क नाही, अल्पसंख्याक संस्थेचाही नाही. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क देणाऱ्या 30 व्या कलमाचा दुसरा भाग एवढंच सांगतो की अनुदान देताना अल्पसंख्याक म्हणून डावलू नका. झुकतं माप द्या असं तो म्हणत नाही. त्यामुळे दगडीपाटी बाईंच्या गावकर-देसाईंचा प्रश्न कायद्यातही वजनदार आहे. मे 2014 च्या कर्नाटक निकालाचा इथे कुणीतरी दाखला देईलच, म्हणून आधीच सांगतो: प्राथमिक शाळेवर मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही असं तो म्हणतो. इंग्रजीचा खर्च सरकारने उचलावा, असं त्यात कुठेही नाही.

नाना, तुमच्या 'पूर्णपणे' मधून हत्ती नेहमी जात नाही. आसामने स्वतःच्या सरकारी मदरशांचं 2020 ला कायदा करून सामान्य शाळांत रूपांतर केलं, आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने ते 2022 ला उचलून धरलं. कारण ते मदरसे पूर्णपणे सरकारी होते.

दगडीपाटी

वकीलसाहेब, धन्यवाद. कायदा बाजूने आहे हे कळून मला काही मुलं मिळणार नाहीत, पण बरं वाटलं.

मारियाबाईंचं वाचून मात्र गप्प बसले थोडी. फळा पुसायचा प्रकार आमच्याकडेही आहे, उलट्या बाजूने. आमचे पालक म्हणतात, बाई इंग्रजी घ्या, नाहीतर पुढच्या जूनला आम्ही बसने पाठवणार. मी घेते. वेळापत्रकात नसलेलं घेते. तेव्हा अनुदानाच्या नियमाने भाषा वाचते यावर माझाही पूर्वीइतका विश्वास नाही.

पण म्हापसेकर, तुमच्या मोठ्या मनाचा खर्च कोण देतो ते बघा. तुमच्या व्हरांड्यात खुर्च्या आल्या, माझ्याही येतील. आर्चबिशपांना फरक पडत नाही म्हणालात. मला पडतो. सरकारने अटी घालताना हात आखडता घ्यावा असं तुम्ही म्हणता, पण सरकारने हात आखडला की मोठी संस्था तगून राहते, आणि सरकारी शाळा ही सरकारचाच हात असते. ती आधी जाते.

नास्तिक_नाना

हे मात्र मला सुचलं नव्हतं. तरी एक रुपया नको, यावर मी ठाम आहे.

म्हापसेकर

बाईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही. एक गोष्ट करता येईल असं वाटतं: माध्यमाची अट सगळ्यांची काढा, गावकर-देसाईंचीही, आणि इंग्रजीसाठी एक चांगली शिक्षिका प्रत्येक सरकारी मराठी-कोकणी शाळेला द्या, म्हणजे फळा पुसावा लागणार नाही. बालरथ फक्त अनुदानित शाळांनाच का, सरकारी शाळेच्या पोरांनाही का नाही, हे मी पुढच्या ग्रामसभेत विचारणार आहे. मोर्च्यातले जुने दोघे-तिघे येतो म्हणालेत. त्यातल्या एकाची नात त्याच पिवळ्या बसने जाते, हे त्याने फोन ठेवताना सांगितलं.

दगडीपाटी

ग्रामसभा रविवारी ठेवतात. मारियाबाईंना विचारा, इगर्जीत मिस्स किती वाजता सुटते. त्याआधी ठेवली तर निम्मे पालक येणार नाहीत.